आणि की किंवा?

"उद्या तुम्हाला काही झालं, तर त्या बोटीचं मी काय करायचं?" बाईंनी हातातलं लाल पेन खाली न ठेवताच विचारलं.

डॉक्टर जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून इंजिनाचा प्लग घासत बसले होते. ते दातांचे डॉक्टर असल्यामुळे घासण्याचा त्यांना कधीच कंटाळा येत नसे.

"मला काय होणार आहे?"

"मी 'तर' म्हटलं. 'तर' म्हटलं म्हणजे होईलच असं नाही."

बाई शाळेत भाषा शिकवत असत, आणि व्याकरण हा त्यांचा खास विषय होता. गेली कित्येक वर्षं डॉक्टर घरात शब्द मोजूनमापून वापरत आले होते. तरीसुद्धा कुठे ना कुठे चूक निघायचीच.

या वेळी विषय निघायला कारण होतं. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचे यजमान वारले. त्यांचीही एक छोटी बोट होती आणि ती डॉक्टरांच्या 'निवांत'शेजारीच धक्क्याला बांधलेली असे. कागदावर नाव फक्त यजमानांचं. त्यामुळे मागे राहिलेल्या बाईंना ती विकता येईना, हलवता येईना, कुणाला फुकट द्यावी तर तेही जमेना. बोटीत पाणी साचलं, शेवाळ धरलं आणि एक दिवस ती जागच्या जागी बुडाली. बुडाल्यावर धक्क्यावरून नोटीस आली, की जागा अडवल्याबद्दल मालकानं समक्ष येऊन खुलासा करावा.

"घर दोघांच्या नावावर आहे," बाई म्हणाल्या. "बँकेतलं खातं दोघांच्या नावावर आहे. फक्त बोट तेवढी तुमच्या एकट्याची."

"अगं, पण तू तिच्यात कधी पाय तरी ठेवलायस का?"

"गच्चीवरच्या टाकीतही मी कधी उतरले नाही. ती आहे ना माझ्या नावावर?"

डॉक्टरांनी प्लग पुन्हा घासायला घेतला. बाईंना लिफ्टमध्येसुद्धा पोटात ढवळायचं. त्यामुळे दर रविवारी सकाळी डॉक्टर एकटेच 'निवांत' घेऊन खाडीत जात आणि इंजिन बंद करून, टोपी तोंडावर घेऊन पडून राहत. आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून पाहणाऱ्या माणसाला आभाळाकडे तोंड करून पडायला मिळणं म्हणजे काय सुख असतं, ते दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही. बाईंना तर नाहीच नाही.

"बरं," डॉक्टर प्लग पुसत म्हणाले, "एक अर्ज आणि दोन सह्या. सोमवारी दुपारी जाऊन उरकून टाकतो."

उरकून टाकतो! नंतर हा शब्द आठवला, की डॉक्टरांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

नौका नोंदणीचं कार्यालय बंदरातल्या गोदामांच्या वरच्या मजल्यावर होतं. लोखंडी जिना चढून गेलं की एक लांबलचक खोली लागे, आणि तिच्या टोकाला काचेची खिडकी. काचेला बोलायला एक भोक होतं. ते कुणी आणि कुठल्या उंचीच्या माणसासाठी पाडलं होतं देव जाणे, पण तिथे येणारा प्रत्येक माणूस कमरेत वाकूनच बोलायचा. आत बसलेले कारकून स्वभावानं फार गोड होते, आणि खरा त्रास तोच होता. उद्धट माणसावर निदान चिडता तरी येतं.

"पत्नीचं नाव वाढवायचंय? वा, वा! अगदी सोपं काम आहे साहेब," कारकून म्हणाले. "आणि की किंवा?"

"काय आणि की किंवा?"

"तुमचं नाव आणि मॅडमचं नाव, या दोन्हींच्या मध्ये काय घालू? 'आणि' घातलं, तर बोट विकायला, दुरुस्तीला द्यायला, धक्क्यावरून बाहेर काढायलासुद्धा दोघांच्या सह्या लागतील. 'किंवा' घातलं, तर कुणाही एकाची चालते."

"मग 'किंवा'च घाला. सोयीचं."

"बहुतेक पुरुष 'किंवा'च म्हणतात," कारकून कौतुकानं म्हणाले आणि अर्ज त्यांनी भोकातून बाहेर सरकवला. "घरी नेऊन मॅडमची सही आणा."

त्या संध्याकाळी बाई निबंधांचा गठ्ठा तपासत बसल्या होत्या. डॉक्टरांनी अर्ज त्या गठ्ठ्यावरच ठेवला. तिथेच चुकलं. बाईंच्या हातात लाल पेन असताना त्यांच्यापुढे कुठलाही कागद ठेवू नये, एवढं तरी त्यांना एव्हाना कळायला हवं होतं.

"हे काय लिहिलंय?"

"किंवा."

"मला वाचता येतं. का लिहिलंय?"

"सोयीचं पडतं गं. कुणाही एकानं सही केली की भागतं."

"म्हणजे दोघांतलं एक असलं की पुरे. दुसरं नसलं तरी काही अडत नाही."

"कागदावर."

"मी कागदाचंच बोलतेय. आपल्या लग्नपत्रिकेवर काय छापलं होतं, तुमचं नाव 'किंवा' माझं नाव?"

"अगं, तिथे कोण कुणाला विकणार होतं!"

वाक्य तोंडातून सुटलं आणि डॉक्टरांना कळलं, की ते परत आत घेता येणार नाही.

"'आणि' हे समुच्चयबोधक," बाई वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या. "ते दोन गोष्टी जोडतं. 'किंवा' हे विकल्पबोधक. दोनांतली एक घ्या, दुसरी सोडून द्या. सातवीतल्या पोरांना कळतं हे." असं म्हणून त्यांनी 'किंवा'भोवती एक गरगरीत लाल वर्तुळ काढलं आणि सवयीनं समासात लिहिलं, 'विचार करून पुन्हा लिहा.'

पुढचे दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. सकाळी बाई विचारत, "चहा घेणार, किंवा कॉफी?" त्यातल्या 'किंवा'वर एवढा जोर असे, की डॉक्टर नुसतं पाणी पिऊन दवाखान्यात जात.

मग ते पुन्हा लोखंडी जिना चढले आणि पुन्हा कमरेत वाकले.

"हे लाल कुणी केलं?" कारकुनांनी विचारलं.

"बायकोनं."

"अक्षर सुंदर आहे. पण अर्जावर खाडाखोड चालत नाही हो. नवा अर्ज घ्यावा लागेल. या वेळी 'आणि' ना? छान. मग मॅडमना समक्ष आणा. 'आणि'ची सही आमच्यासमोर लागते."

बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. डॉक्टरांनी दुपारचे पेशंट दुसऱ्या दिवशी बोलावले. दोघं नवराबायको त्या भोकासमोर खांद्याला खांदा लावून वाकली, सह्या झाल्या, शिक्के बसले. कारकुनांनी जुना दाखला काढून फायलीत ठेवला आणि त्याच्या बदल्यात एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर होतं: 'मालक: दोन (आणि). मालकी: प्रलंबित.'

"झालं?" डॉक्टरांनी कंबर धरत विचारलं.

"झालंच म्हणा. आता फक्त तपासणी. आमचे तपासनीस बोटीवर कोरलेला नंबर बघतील, जुळला की शिक्का मारतील, आणि नवा दाखला तयार."

तपासनीस म्हणजे एक किडकिडीत, गंभीर गृहस्थ. हातात बॅटरी, काखेत फाइल. ठरल्या वेळी ते धक्क्यावर आले, 'निवांत'च्या मागच्या बाजूला ओणवे झाले आणि बराच वेळ ओणवेच राहिले.

"नंबर दिसत नाही," अखेर ते म्हणाले.

"तिथेच आहे, बुडाशी. रंगाखाली. गेल्या वर्षी मी स्वतः रंग दिला, चांगले दोन हात."

"रंगाखालचं मला कसं दिसणार? मी तपासनीस आहे साहेब, ज्योतिषी नाही. बोट पाण्याबाहेर काढा, रंग खरवडा आणि मग मला बोलवा." फाइल मिटून ते चालते झाले.

बोट पाण्याबाहेर काढायची म्हणजे धक्क्यावरची क्रेन. आणि क्रेन म्हणजे धक्क्याचे मुकादम. मुकादम खुर्ची उलटी फिरवून बसले होते.

"मालकाची सही लागेल," ते म्हणाले.

"मीच मालक."

"कागद?"

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. मुकादमांनी ती लांब धरून वाचली, मग जवळ धरून वाचली.

"इथे मालकी प्रलंबित आहे."

"म्हणजे काम चालू आहे."

"मग झालं की या."

"अहो, ते व्हावं म्हणून तर बोट वर काढायचीय!"

"मग त्या प्रलंबितला घेऊन या. त्याची सही घेतो."

डॉक्टरांनी समजावलं, विनवलं, आवाज चढवला, परत उतरवला. मुकादमांच्या खालच्या दाढेला कीड लागल्याचं त्यांना बोलता बोलता दिसलं होतं. ती फुकट बघून देतो, असंही ते म्हणून चुकले. अखेर मुकादम जरा नरमले.

"बरं, दोघांची सही असली तर चालवून घेऊ. पण तशी क्रेन बंदच आहे. दोर तुटलाय."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही सहीचं विचारत होता. क्रेनचं कुठे विचारलंत?"

आता एकच उपाय उरला होता. खाडीच्या पलीकडे बोटी दुरुस्त करणाऱ्याचं आवार होतं. तिथे पाण्यात उतरता उतार होता आणि चाकांचा गाडा लावून बोट वर ओढून घेता येत असे. अंतर म्हणाल तर इकडून हाक मारली तर तिकडे ऐकू जावी एवढंच. पण धक्क्यावरून निघताना दोघांची सही आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा दोघांची सही. रस्त्यानं जायचं तर अख्खी खाडी वळसा घालून जावं लागे, आणि तोवर आवार बंद झालं असतं.

"म्हणजे मी बोटीत बसायचं?" बाईंनी विचारलं.

"'आणि' कुणाला हवं होतं?"

बाईंनी डोक्याला रुमाल बांधला. गाठ जरा जास्तच आवळली गेली.

धक्क्यावरून बोटीत उतरायलाच त्यांना बराच वेळ लागला. एक पाय धक्क्यावर, एक बोटीत आणि दोन्हींच्या मधलं अंतर वाढत चाललेलं, अशा अवस्थेत त्या नवऱ्याच्या घराण्याबद्दल जे बोलल्या, ते मुकादमांनी खुर्ची सुलटी करून ऐकलं. शेवटी त्या बोटीच्या मधोमध बसल्या, दोन्ही हातांनी दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि डोळे मिटून घेतले.

"किती लांब आहे?"

"ते काय, समोर दिसतंय."

"डोळे मिटल्यावर समोर काहीही दिसत नाही."

इंजिन झकास सुरू झालं. घासून घासून प्लग आरशासारखा लखलखत होता. बिघाड दुसरीकडेच होता. खाडीच्या बरोबर मध्यावर इंजिनानं दोनदा ठसका दिला आणि ते गप्प झालं. डॉक्टरांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. उभं राहून ओढली, बसून ओढली, शिवी देऊन ओढली. खांद्यातून कळ आली तेव्हा ते थांबले. बोट शांतपणे भलत्याच दिशेला चालली होती.

"बंद पडलं?" बाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"हो."

"मला वाटलंच होतं."

आणि मग बाई बोलायला लागल्या. सुरुवातीला अर्थातच बोटीवर बोलल्या, मग डॉक्टरांच्या आळशीपणावर, मग डॉक्टरांच्या बहिणीवर. डॉक्टर मुकाट्यानं ऐकत होते, कारण उठून जायला जागा नव्हती आणि बघायला वर्तमानपत्र नव्हतं. मग बोलण्याचा सूर हळूहळू बदलला.

"मला मुख्याध्यापिका व्हा म्हणतायत," बाई अचानक म्हणाल्या.

"कधी?"

"झाले बरेच दिवस. तीनदा तुमच्याशी बोलायला आले. तिन्ही वेळा तुम्ही 'हं' म्हणालात. तुमचा दोष नाही म्हणा. तुमच्यासमोर दिवसभर जो बसतो, त्याचं तोंड उघडं असतं पण तो बोलत नसतो. तीच सवय लागलीय तुम्हाला."

डॉक्टर खांदा चोळायचे थांबले. त्यांनी विचारलं, "मग तुला काय वाटतं?"

बाईंनी डोळे उघडले. खाडीकडे नाही, नवऱ्याकडे बघितलं. मग त्या सांगायला लागल्या. वर्ग सुटेल याचं वाईट वाटतं, पण शाळेत सुधारण्यासारखं पुष्कळ आहे. कारकुनी कामाची भीती वाटते, पण नाही म्हटलं तर ती जागा कुणाला मिळेल तेही ठाऊक आहे. डॉक्टर मधूनमधून प्रश्न विचारत होते. पेशंटला विचारतात तसे नाहीत, उत्तराची वाट बघून विचारलेले. मध्येच बाई थबकल्या.

"अहो, मला मळमळत नाहीये."

"बोलतेयस म्हणून असेल."

"असेल," म्हणून त्या पुढे बोलू लागल्या. तेवढ्यात भोंगा वाजला आणि बंदराच्या पहारेकऱ्यांची लाँच शेजारी येऊन थांबली.

"बोट कुणाची?" वरून एका पहारेकऱ्यानं विचारलं.

"माझी," डॉक्टर म्हणाले.

"सध्या कुणाचीच नाही," बाई म्हणाल्या. त्यांना आयुष्यात कधी अर्धवट उत्तर देता आलं नव्हतं. "मालकी प्रलंबित आहे."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. पहारेकऱ्यानं चिठ्ठी मागून घेतली, पुढून वाचली आणि मग उलटी करून मागूनही वाचली.

"मालकी प्रलंबित असताना बोट धक्क्यावरून हलवता येत नाही. मागे छापलंय."

खरंच छापलं होतं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. 'निवांत'ला दोर लावला गेला, आणि नवराबायकोसकट ती पहारेकऱ्यांच्या आवारात ओढून नेली गेली. तिथे तिला जमिनीवर चढवून, साखळी घालून कुलूप ठोकण्यात आलं.

"सोडवायला काय लागेल?" डॉक्टरांनी विचारलं. उत्तर त्यांना आतून कळलं होतं.

"मालकीचा दाखला."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंना घेऊन लोखंडी जिना अशा आवाजात चढले, की खालच्या गोदामातले लोक बाहेर येऊन बघू लागले. आज ते वाकले नाहीत. उभ्यानंच काचेवर ओरडले.

"दाखला हवा तर तपासणी पाहिजे! तपासणी हवी तर बोट पाहिजे! आणि बोट हवी तर दाखला पाहिजे!"

कारकुनांनी हातातला शिक्का खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत खरोखरचा आदर होता.

"अगदी बरोबर समजलंय साहेब तुम्हाला. लोकांना फार वेळ लागतो हे समजायला."

"मग नाव काढून टाका तिचं! माझंही काढा! मला बोटच नको!"

"काढता येईल ना. नाव कमी करायचा अर्ज वेगळा असतो." कारकून खण उघडू लागले. "त्याला फक्त चालू दाखला जोडावा लागतो."

डॉक्टर बाकावर बसले. त्यांचा चेहरा पाहून बाईंना कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्यांची दया आली. त्या भोकाशी वाकल्या.

"मला एक सांगा. आत्ता आमची बोट कुठे आहे?"

"पहाऱ्याच्या आवारात, मॅडम. इथेच, मागच्या बाजूला."

"पाण्यात, किंवा जमिनीवर?"

"जमिनीवर."

"मग तिचं बूड उघडंच आहे की. तपासनीस बसतात कुठे?"

कारकुनांनी मानेनंच शेजारच्या टेबलाकडे खूण केली. तपासनीस तिथेच बसून डबा खात होते. घास तोंडाशी नेता नेता ते थांबले. जिना उतरून चार पावलं चाललं की काम होणार होतं, आणि हे आजवर कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

आवारातल्या पहारेकऱ्यानं मात्र आडवा हात केला. "बघायचं तर बघा. पण जप्त मालाला खरवडायचं नाही. नियम आहे."

"साफ केलेलं चालेल?" बाईंनी विचारलं.

पहारेकऱ्यानं डोकं खाजवलं. जप्त बोट साफ ठेवण्याची जबाबदारी मालकाची, असाही एक नियम होता.

"साफ केलेलं चालेल. पण खरवडायचं नाही."

"नाहीच खरवडणार. हे दात साफ करणारे डॉक्टर आहेत."

डॉक्टर दवाखान्यात जाऊन हत्यारं घेऊन आले. दातांवरचं कीटण काढायची बारीक, टोकाला वाकलेली हत्यारं. कपाळाला दिवा बांधून ते बोटीखाली शिरले आणि उताणे झाले. आयुष्यभर दुसऱ्यांना उताणं झोपवून वरून वाकलेला माणूस आज स्वतः उताणा पडून वर हात करून काम करत होता. रंगाचे पापुद्रे केसांत पडत होते, डोळ्यांत जात होते. खिशातला फोन थांबत नव्हता. एका पेशंटची दाढ अर्धी कोरून ठेवलेली होती, आणि तो जाब विचारत होता.

"थोडं लागेल हं," डॉक्टर सवयीनं बोटीला म्हणाले.

एकेक आकडा वर येऊ लागला. तपासनीस ओणवे होऊन बॅटरी धरत होते. "डावीकडे अजून थोडं. तो तीन आहे की आठ?"

"हलू नका हो! हात सरकेल!"

तीनच निघाला. नंबर जुळला. तपासनिसांनी गुडघ्यावर फाइल ठेवून शिक्का मारला. आठवड्याच्या आत नवा दाखला घरी आला. त्यावर डॉक्टरांचं नाव, बाईंचं नाव आणि मध्ये ठसठशीत 'आणि'. बाईंनी तो दोनदा वाचला. एकही चूक सापडली नाही. मग त्यांनी तो पहारेकऱ्यांना दाखवून 'निवांत' धक्क्यावर आणवून घेतली आणि कपाटात ठेवून दिला.

डॉक्टरांनी मात्र त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खांदा अजून वर जात नव्हता. रुसलेले पेशंट परत यायचे होते. 'निवांत' नुसती आठवली तरी त्यांना भोकासमोर वाकल्यासारखी कळ कमरेतून जाई. त्यांनी मनाशी ठरवलं, की बोट विकायची. बाईंना आनंदच होईल, विचारायचं काय त्यात? ते गुपचूप धक्क्यावर जाऊन पाटी लावून आले.

पहिलं गिऱ्हाईक रविवारी सकाळीच दारात उभं राहिलं. ते होते तपासनीस. नेहमीसारखेच गंभीर. डॉक्टरांनी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि हर्षभरित होऊन ते आत गेले.

बाई खुर्चीवर बसून एका जाड उशीला पावसाळी कापडाचं कव्हर शिवत होत्या.

"सुटलो!" डॉक्टर कुजबुजले. "बोटीला गिऱ्हाईक आलंय. चल, सही कर."

"कसली सही?"

"विकायची. दोघांची लागते ना!"

"मी नाही करणार."

डॉक्टरांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "अगं, तुला ती बोट डोळ्यांसमोर नको असायची."

"तेव्हा नको होती. आता हवीय. इंजिन दुरुस्त करून घ्या." बाईंनी दोरा दातांनी तोडला. डॉक्टर चुकचुकले, पण बाईंनी लक्ष दिलं नाही. "मुख्याध्यापिकेचं उत्तर मला उद्या द्यायचंय. आपलं बोलणं अर्धवट राहिलंय. घरात ते होणार नाही. फोन वाजेल, कुणाचा तरी दात दुखेल, तुम्ही 'हं' म्हणाल. तिथे बरं होतं. तुम्हाला पळून जायला जागा नव्हती."

"ते बोलायला बोट कशाला लागते?"

"लागते," बाई म्हणाल्या. "गेल्या दहा वर्षांत तुम्ही मला 'तुला काय वाटतं' म्हणून कुठे विचारलंत? एकदाच. खाडीत."

आत कुठेतरी डॉक्टरांना वाईट वाटलं, कुठेतरी बरंही वाटलं, आणि या सगळ्यावर रविवारची ती टोपी तोंडावर घेऊन पडायची जागा कायमची गेली हेही कळलं. वाद घालण्यात अर्थ नव्हता. दाखल्यावर 'आणि' होतं.

ते बाहेर आले. तपासनीस खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते.

"माफ करा," डॉक्टर म्हणाले. "बोट विकत नाही आम्ही. आमच्या मंडळी सही द्यायला तयार नाहीत."

"नक्की?"

"नक्की."

"नंतर मन बदलणार नाही ना त्यांचं?"

"त्यांचं मन बदललेलं मी एकदाच पाहिलंय, आणि ते आत्ताच बदलून झालंय."

तपासनिसांचा चेहरा एकदम उजळला. ते उठले आणि त्यांनी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"वाचवलंत साहेब! त्या दिवशी घरी जेवताना मी बायकोशी सहज एक वाक्य बोललो. 'आज एक बोट बघितली, बरी होती.' एवढंच. तेव्हापासून आमच्याकडे दुसरा विषय नाही. पडद्यांची कापडंसुद्धा आणून झालीत. मला पाण्याची भयंकर भीती वाटते हो!"

"मग आता सांगा की घरी, जमलं नाही म्हणून."

"मी सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही." तपासनिसांनी खिडकीतून खाली वाकून बघितलं आणि झटकन मागे सरकले. "खाली गाडीत बसलीय. तेवढं तुम्हीच येऊन सांगा. आणि जरा वाईट वाटल्यासारखं सांगा."

डॉक्टरांनी चपला घातल्या. दाढ आता वाचत नाही, काढावीच लागेल, हे पेशंटच्या नातेवाइकांना सांगताना ते जो चेहरा करत, तो त्यांनी दाराशी उभं राहून नीट चढवला आणि तपासनिसांच्या पाठोपाठ जिना उतरायला लागले.